संग्रहालयातला माझा पाय

मारिएटा, ओहायो
ऑक्टोबर १८८४

प्रिय डॉक्टर,

वॉशिंग्टनला जाऊन मी माझा पाय बघून आलो. यादवी युद्धात कापलेली हाडं तुम्ही लोक दारूच्या पिंपात घालून लष्करी संग्रहालयाला पाठवायचात, हे ठाऊक होतं. पण माझं हाड इतकं देखणं निघेल असं वाटलं नव्हतं. ऑर्फा म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा तेच सरळ उभं आहे." खालच्या पाटीवर माझं नाव आणि पुढे 'रुग्ण दगावला'. रखवालदाराला म्हटलं, बाबा रे, रुग्ण तुझ्यापुढे कुबडी टेकून उभा आहे. सरकारी पाटी चुकत नसते, असं त्यानं मला बजावलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ऑर्फा विधवा झाली. तिनं ते जरा जास्तच शांतपणे घेतलं.

व्हर्जिनियातल्या त्या कोठारात, दोन पिंपांवर टाकलेल्या दाराच्या फळीवर पडून, मी तुम्हाला कसाई म्हटलं, तुमच्या आईचाही उद्धार केला. तुम्ही गुंगीच्या औषधाचं फडकं माझ्या नाकाशी धरून म्हणालात, "शिव्या उद्या दे. उद्या असायला हवास, एवढंच बघ." दुसऱ्या दिवशी मी होतो, आणि शिव्या आठवेनात.

पुढे तुम्ही डकोटातल्या ठाण्यांवर गेलात. हिरड्या सडू नयेत म्हणून शिपायांना कांदे लावायला लावलेत; त्यांनी तुम्हाला माळी म्हणून हिणवलं आणि दात मात्र शाबूत ठेवले. विहीर शौचकूपाशेजारी खणलीय, असं कर्नलला तोंडावर सांगितलंत, म्हणून बढती अडली. मी इथे बसल्या जागी खोगिरं शिवायला शिकलो. तीन मुली झाल्या. थोरलीच्या लग्नात लाकडी पायानं नाचलो. ज्यांची बोटं तुडवली ते अजून बोलत नाहीत. हे सगळं तुमच्या करवतीनं दिलं, डॉक्टर. कुणी विचारलं तर मी असंच सांगतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरून लव्हिनियाबाईंनी कळवलंय की तुमच्या पायाची बोटं काळी पडलीत, सड वर चढतेय, आणि गुडघ्याखाली कापू म्हणणाऱ्या त्या तरुण डॉक्टरला तुम्ही दाराबाहेर काढलंत. म्हणे, मरायचं तर अखंड मरेन. मी गुरुवारच्या गाडीनं येतोय, पण तेवढा वेळ नाही. त्याला आजच बोलावून घ्या. अखंड मेलेले मी पुष्कळ पाहिलेत, डॉक्टर. त्यातल्या एकाच्याही घरी मला कॉफी प्यायला जाता येत नाही.

तुमच्यामुळे अजून असलेला, तुमचाच
जोसाया टिबेट्स