न उलटलेली पानं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (वाकून, पण आधी गुडघ्यांना विचारून). तुझी कंबर ताळ्यावर आली का? भावजींचा खोकला त्यांच्याच वळणावर गेला असणार, म्हणजे कोणाचं ऐकत नसणार. इकडे सगळे खुशाल. ‘सगळे’ म्हणजे माझे डोळे सोडून. आजवर कळवलं नाही, कारण तू रडतेस आणि मग समजूत मला घालावी लागते.

झालंय असं, की माझ्या नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही. (छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, त्या चुकांनीच सूड उगवला असं सूनबाईचं मत.) वर्षभर मी ताकास तूर लागू दिली नाही. पेपर उघडा धरून बसायचो. मग एकदा फिरून आलो, जिना चढलो, खुर्चीत बसलो, सदरा काढला आणि म्हणालो, “चहा टाक गं.” चहा आला. जरा गोड होता, पण मी बोललो नाही. तो पिऊन, सदरा चढवून पुन्हा फिरायला गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण माझी छत्री घेऊन वर आली आणि सूनबाईला म्हणाली, “आजोबा येतात त्याचं काही नाही हो, पण उद्या आम्ही घरी नाही, तेवढं त्यांना सांगाल का?”

सूनबाई हसली नाही. तेच मला लागलं. तिने सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांचा पत्ता दिला. नजर गेलेल्यांसाठी आणि जाऊ घातलेल्यांसाठी तिथे एक संस्था आहे. मी म्हटलं, “जातो, पण मदत करायला.”

तिथल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी मारलेली. बिचाऱ्या इतरांची चांगली सोय केली आहे, असं म्हणत मी वर गेलो. कारभार बघणाऱ्या बाईंनी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेली. त्यांना अजिबात दिसत नाही, ऐकू मात्र भिंतीपलीकडचं येतं. छापखान्यात मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचो, असं सांगितलं. त्यांनी लगेच मला गोधड्या टांगलेल्या एका खोपटात बसवलं, रेकॉर्डिंगसाठी पुस्तक हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

समोर पान, आणि पानाच्या मधोमध भोक. उठून खरं सांगता आलं असतं. पण ताई, तुला माझा गोवर आठवतो का? मी पाच वर्षांचा, खिडक्यांना घोंगड्या, डोळे उघडायचे नाहीत असा हुकूम, आणि तू उंबऱ्याबाहेर बसून जहाज चालवणाऱ्या बोकडाची गोष्ट वाचून दाखवायचीस. नऊ दिवस. (तुझ्या हातात वडिलांचं बॉयलर-दुरुस्तीचं पुस्तक असायचं आणि तुला धड बाराखडीही येत नव्हती, हे मला लग्नानंतर कळलं.) त्या अंधारात मला कधी भीती वाटली नाही. बाहेरून तुझा आवाज यायचा आणि आत समुद्र दिसायचा.

तीच गोष्ट मी त्या खोपटात सांगितली. छापखान्याच्या सवयीने चिन्हांसकट: “बोकडाने सुकाणू धरलं स्वल्पविराम कप्तान घाबरला पूर्णविराम.” पंचवीस मिनिटं.

बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, “आवाज छान आहे. बोकडही आवडला. पण एकही पान उलटल्याचं ऐकू आलं नाही.”

“पान मोठं होतं,” मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, “किती दिसतं तुम्हाला?”

वर्षभरात सगळ्यांनी “दिसतंय ना?” विचारलं होतं. ‘किती’ कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “कडेचं,” आणि ताई, मी रडलो. त्यांनी समजूत घातली नाही. चहा केला. कपाच्या काठाला एक छोटं यंत्र अडकवलं, चहा भरत आला की ते टिटवीसारखं ओरडतं. (तू निदान बॉयलरची पानं तरी उलटायचीस. माझ्या ते डोक्यातच आलं नाही.)

आता मंगळवार-शुक्रवार तिथेच असतो. एक निवृत्त ड्रायव्हर आम्हा पाचजणांना आपल्या गाडीतून नेतो. पांढरी काठी शिकतोय. आतापर्यंत एका पोस्टमनला मारली आणि एका खांबाची माफी मागितली. हे पत्र ओळ सरळ राहावी म्हणून खाचा पाडलेला पुठ्ठा ठेवून लिहितोय. शिवाय बाईंनी मला काम दिलंय, इतरांनी वाचलेली पुस्तकं ऐकायची आणि चुका धरायच्या. म्हणजे प्रुफंच, पण कानाने. गेल्या आठवड्यात सतरा धरल्या. फार दिवसांनी झोप छान लागली.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझं मागचं पत्र संस्थेतल्या मुलीने वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला ती अडली. म्हणाली, “आजोबा, इथे ओळीवर ओळ चढली आहे.” तू लिहितेस, घाईत होते. ताई, तू जन्मात कधी घाई केलेली मला आठवत नाही. गाडीत सहावी जागा आहे, ड्रायव्हरशी बोललोय, तुझं गाव त्याच्या वाटेवरच आहे. मंगळवारी साडेनऊला तुझ्या दाराशी येतो. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून कळव, पण सरळ ओळीत.

ता. क. दुसरा. भावजी, हे पत्र तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवताय, हे मी ओळखलंय. वरचा ताजा कलम गाळला असेल, तर मागे जा आणि वाचा.