दुपारची मगरीब

रमजान, ९

चि. धाकट्यास आपाचा सलाम व दुआ, वि. वि.

खालाचं पत्र आलं. उसनी वाटी परत करायला ती भर दुपारी आपल्या दारात आली, तर आत दिवा लावून तू जेवायला बसलेला! आणि एकटा नाहीस, समोर अम्मा, तीही जेवतेय. रमजानात! लाज कशी वाटली नाही रे तुला?

अम्माने जन्मभर रोजे धरले. आता विसरभोळी झाली, आपल्या दोघांची नावं उलटसुलट घेते, पण पहाटे सहरी खायला उठायचं काही विसरत नाही. तिच्याकडे तेवढंच उरलंय, आणि तेही तू मोडतोस? इथे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी दिवसभर शेगडीपुढे उभी असते. मीठ जिभेच्या टोकावर बघते आणि थुंकते, थेंब गिळत नाही. तू तर दुकानात सावलीत बसून काचा कापतोस. तुला संध्याकाळपर्यंत दम निघत नाही?

येत्या रविवारी येते आणि अम्माला घेऊन जाते. माझी खोली एवढीशी आहे, पण तिथे तिचा रोजा तरी मोडणार नाही.

राग लेखणीत उतरलाय, माया होती तिथेच आहे.

तुझी
आपा


रमजान, १२

आपास धाकट्याचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र दुकानात उघडलं, वाचलं आणि काचांच्या चवडीमागे सारून ठेवलं. खाला खोटं बोललेली नाही. मी दुपारी जेवतो. पण आधी सगळं ऐक, मग काय ते बोल.

अम्माची साखर वाढली आहे. डॉक्टरांनी रोजा सक्त मना केलाय; दुपारी गोळी आणि गोळीबरोबर अन्न हवंच. मौलवीसाहेबही घरी येऊन सांगून गेले, की आजारी माणसाला रोजा माफ आहे, तिच्या बदल्यात गरिबाला जेवू घाला. ते मी घालतोच. अम्माने दोघांपुढे मान डोलावली आणि ते उंबरा ओलांडून गेले तशी विसरली. माझा रोजा आहे म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून बसली. पहिल्याच दिवशी दुपारी मोरीत कोसळली. तुला कळवलं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेतला असतास.

मग मी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला. दुपारी घरी येतो, दिवा लावतो, आणि आतल्या खोलीत जाऊन मगरीबची अजान देतो. लिहितानाही हात धजत नाही बघ. सूर्य डोक्यावर, आणि मी सूर्यास्ताची अजान देतोय! कानाला हात लावतो तेव्हा वाटतं, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. अम्मा मात्र लगेच दुआ म्हणते, पाणी पिते, गोळी घेते.

पण घास ती आधी मला भरवते. आपल्या लहानपणापासूनची तिची ही सवय तुला माहीतच आहे. पहिल्यांदा मी तो गालात धरून ठेवला, तर गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत बसली. नको म्हणालो तर विचारेल, की तू रोजा धरला नव्हतास का, की अजून मगरीबच झाली नाही? काय सांगू तिला? म्हणून खातो. रोज खातो.

आणि संध्याकाळी मशिदीत रोजा सोडायला सगळ्यांच्या ओळीत बसतो. न जावं तर लोक चौकशी करतील. शेजारचे म्हणतात, आज ऊन फार होतं, तुझं तर अंगमेहनतीचं काम, आणि ताटातला मोठा खजूर माझ्यापुढे सरकवतात. तो घशाखाली उतरत नाही गं. दिवसभराच्या उपाशी माणसांत मी पोटभर जेवलेला बसतो, आणि मान वर करायची चोरी होते. बुडालेले रोजे मी पुढे भरून देईन. पण त्या खोट्या अजानीचं काय करू?

अम्माला नेऊ नकोस. तुझ्याकडे ती कुणाचा आवाज ऐकून पाणी पिईल?

खुशाल रागाव, पण दुआ मागताना मला गाळू नकोस.

तुझा
धाकटा


रमजान, १७

चि. धाकट्यास आपाचा सलाम व खूप दुआ, वि. वि.

रविवारी आले आणि अम्माला न घेताच परतले. तुझ्याशी धड बोलले नाही, म्हणून गाल फुगवून मला गाडीत बसवलंस, ते पाहिलं मी. वेड्या, राग नव्हता तो. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझं ते पत्र फाडून टाक. रोजा धरला होता, हातपाय धुऊन वजू करून बसले होते, आणि खालाच्या एका शब्दावर सख्ख्या भावाला सोलून काढलं. पाण्याचा थेंब गिळला नाही, पण भावाची अब्रू चावून खाल्ली. भूक सोडून त्या रोज्यात माझ्या पदरात काय पडलं ते अल्लालाच ठाऊक.

आता दुसरं. तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. तू सकाळी दुकानात गेलास तेव्हा मी अम्माची वेणी घालत होते. तिला बरंच आठवत होतं, हाकही माझ्याच नावाने मारली. मी हळूच विचारलं, अम्मा, हल्ली रोजा कधी सोडतेस? ती हसली, दाराकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आली. म्हणाली, धाकट्याला भूक निभत नाही गं, लहानपणीही निभत नव्हती. बिचारा दुपारीच अजान देतो आणि मगरीब झाली म्हणतो. दाराखालून ऊन आत येतं, मी काय आंधळी आहे? पण मला कळलंय असं दिसलं तर पोर शरमेने मरेल. म्हणून मुकाट्याने पाणी पिते आणि आधी त्याला भरवते. ह्याचा गुन्हा माझ्या माथी लाव, असं रोज वर सांगते.

शेवटी म्हणाली, आपाला मात्र सांगू नकोस, ती फार कडक आहे. वेणी माझ्या हातात, आणि मलाच सांगतेय! तेवढ्यात पुन्हा विसरली होती बाई.

खरं काय ते तिला सांगावं असं दहादा ओठांवर आलं. पण मग तुझ्यावरचा डाग जाईल आणि ती पुन्हा ओठ मिटून बसेल. तूच ठरव. मी कडक खरी, पण इथे माझी अक्कल चालत नाही.

जमलं तर मला माफ कर, आणि नाही जमलं तरी पत्र टाक.

तुझी
आपा


रमजान, २१

आपास धाकट्याचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू फुटलं. म्हणजे इतके दिवस घरातला खादाड मीच! मग दुकानाची फळी ओढून घेतली आणि आत बसून रडलो. गिऱ्हाईक बाहेरून ठोठावत होतं, ठोठावू दिलं.

परवा संध्याकाळीच मौलवीसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, माझे बुडालेले रोजे कसे भरायचे ते नीट सांगतील, पण खोटी अजान आजपासून बंद. मी विचारलं, मग ती पाणी कशी पिईल? म्हणाले, ते तुझं तू बघ, आई तुझी आहे.

अम्माला काही सांगू नकोस, आपा. सगळी मशीद मला रोजेदार समजते, निदान एका माणसाने तरी रोजाचोर समजावं.

काल दुपारी खिडकीचा काळा कागद खरवडून काढला. ऊन थेट अम्माच्या ताटात आलं. अजान दिली नाही. तिच्यापुढे बसलो आणि खाली मान घालून म्हणालो, अम्मा, मला भूक लागली आहे. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. अम्माने उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, घास माझ्या ओठांशी धरला आणि म्हणाली, खा बाळा, मगरीब झाली.

मग पाणी प्यायली. गोळीही घेतली.

माया आटू देऊ नकोस.

तुझा भुकेला
धाकटा