वरचं खाचर

१० जुलै १९८६
पोचलो एकदाचे. ऑफिसातल्या मैत्रिणीचं, प्रेमाचं, हे डोंगरातलं माहेर. एसटीतून उतरल्यावर तासभर चढण. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरेन अशी नवऱ्याने, नंदूने, मुलुंडहून निघतानाच पैज लावली होती. हरला. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, थेट ढगापर्यंत. लेकीची, उत्तराची, शाळा बुडवली याचं आता काही वाटत नाही. प्रेमाच्या आईने, सोनूबाईंनी, कुळथाची पिठी वाढली. मी लाज सोडून तीनदा मागून घेतली.

११ जुलै
लावणी चालू आहे. बायका ओळीने वाकून चिखलात रोपं खोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. मी पाच मिनिटांत पाठ धरून बसले, सगळ्या हसल्या. उत्तरा मात्र चढत चढत सगळ्यात वरच्या खाचरात गेली. तिथे सहा-सात बायका गुपचूप लावत होत्या. त्यांनी तिला ओळीत घेतलं. दुपारी मी न्यायला गेले, तर ती त्यांना म्हणाली, "जाते मी." मी तिथल्या तिथे टोकलं, जाते म्हणू नये, येते म्हणावं. सहा वर्षांची झाली, किती वेळा सांगायचं. मग म्हणाली, "येते हं." तेव्हा कुठे त्या बायकांनी माना वर केल्या.

१२ जुलै
जेवताना हे सहज सांगितलं. सोनूबाईंच्या हातातली पळी थांबली. ते खाचर आठ वर्षं पडीक आहे म्हणे. ऐन लावणीत दरड आली, सातजणी गाडल्या गेल्या. "तिका आत्ताच्या आत्ता वर ने. 'जातंय' म्हणाक सांग," म्हणाल्या. पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने 'जाते' म्हणायला लावू? भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हेही जरा मोठ्यानेच सांगितलं. मग एकटी वर जाऊन पाहून आले. गवत, दगड. लावलेलं एक रोप नाही. दुपारचीच एसटी धरली.

१४ जुलै, मुलुंड
शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. उत्तरा वर्गात बाकांमधून वाकून मागे मागे चालते, बोटांनी फरशी दाबत. नंदूला सांगितलं तर म्हणतो, खेळतेय यार, तू उगाच डोक्यात घेतेस.

१५ जुलै
तिच्या नखांत चिखल. दोनदा धुतला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आज ती घराबाहेर पडलेलीच नाही. विचारलं तर म्हणते, त्यांनी माझी जागा धरून ठेवलीय.

१६ जुलै
शेवटी मीच म्हटलं, बाळा, 'जाते' म्हण. एकदाच. मी, तिची आई. ती म्हणाली, कुणाला सांगू? त्या तर तिथे आहेत.
नंदू आता घाबरलाय. एसटीची तिकिटं काढायला गेलाय. उद्या तिला वर न्यायचं. चार दिवसांपूर्वीच न्यायला हवं होतं. माझी चूक. माझीच —

दुपार
स्वयंपाकघरातून निघाली. वाकून. मागे मागे. दाराकडे. कडी लावली — परत उघडी —
डाव्या हाताने तिचा हात धरलाय. लिहितेय, म्हणजे भान राहील. सहा वर्षांची पोर, एवढा जोर कुठून —
दारापलीकडे जिना नाही. चिखल आहे. आणि त्या, वाकलेल्या.
सोडणार नाही. पाय घोट्यापर्यंत आत —
एकजण सरकली. दोघींपुरती जागा —