जावयाच्या मापाची गाडी

नांदेड, ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
पुनमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर बोलायचं तर हे शेजारी बसून ऐकतात, म्हणून कागद घेतला. तुम्ही लग्नात दिलेल्या स्कूटरवरून मी काल दुसऱ्यांदा पडले. चालवताना नाही, थांबताना. थांबलं की पाय टेकवावा लागतो, आणि माझा पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहतो. गुडघा फुटला, लसींचा डबा वाचला.

आरोग्यसेविकेच्या नोकरीत माझ्याकडे चार गावं आहेत आणि एकाही गावाला वेळेवर एसटी नाही. गाडी नाही तर नोकरी नाही. घरात मात्र गाडीला कुणी दोष देत नाही. सासूबाई म्हणून राहिल्यात की गाडी झ्याक हाय, बाईच लई बुटकी हाय. दिरांनी उंच टाचेच्या चपला आणल्या. यांचं म्हणणं, मामांनी दिलेली वस्तू शोरूममधून आली तशीच राहिली पाहिजे. तिसऱ्यांदा पडले तर राजीनामा द्यायचा, हेही यांनी जाहीर करून टाकलं.

बाबा, मला नोकरी सोडायची नाही. सीट कापून गाडी खाली घेता येते. हे फक्त तुमचं ऐकतात, तेवढ्या दोन ओळी लिहा. आईला गुडघ्याचं सांगू नका.

तुमची माया आहेच, ती वरचेवर कळवत जा.
पुनम

जळकोट, ११ जानेवारी

चि. सौ. पुनम हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. तरी सांगतो, गाडी निवडताना मी हयगय केली नव्हती. लातूरची तीन शोरूम पालथी घातली आणि पाच फूट अकरा इंचांचा जावई रुबाबात दिसेल अशी सर्वांत मोठी गाडी घेतली. गावात अजून तिचं नाव निघतं. तुझ्या उंचीचा विषय त्या वेळी निघालाच नाही. रोज दहा मिनिटं ताडासन करून बघ.

शिवप्रसादरावांना वेगळं लिहिलं आहे की, मी दिलेल्या वस्तूला सुरी लागली तर मला राग येणार नाही. भाषा नरम ठेवली. जावयाला सूचना करायची नसते, विनंती करायची असते.

जपून चालव. जमेल तितकं कमी थांब.
हणमंतराव

नांदेड, २० जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या विनंतीला मान मिळाला. काल रविवारी आम्ही सगळे व्यंकटी गादीवाल्याकडे गेलो. गाडी कुणाच्या नावावर, असं त्यानं विचारलं. हे म्हणाले, माझ्या. मग त्यानं मालकालाच सीटवर बसवून माप घेतलं. मी बाजूला दोन हेल्मेटं धरून उभी! यांना मांडीला जरा टोचत होतं, म्हणून व्यंकटीनं फोम वाढवून दिला. सीट आता बोटभर उंच झाली आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. मला कुणी बसवलंच नाही म्हटलं, तर हे म्हणाले की मालक बसला म्हंजे झालं की.

हसू येतं आणि रडूही येतं. परवा लसीकरण आहे. उद्या रजा टाकून एकटीच जाते. या वेळी कुणाला विचारणार नाही, तुम्हालाही नाही. रागावू नका.

पुनम

नांदेड, ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शिवप्रसादचा शि. सा. नमस्कार.

विषय नाजूक आहे. आपल्या कन्येनं परस्पर गाडी नेली. मालकाला आणा, असं व्यंकटीनं रीतसर सांगितलं, तर ती सीटवर बसली आणि त्यानं सुरी हातात घेईपर्यंत उतरली नाही. फोम कापला, मागचे शॉकअप आखूड घातले. त्यामुळे साइड स्टँड लांब पडून गाडी कलंडू लागली, तर वेल्डरकडून तेही कापून आणलं. आता ती चारही गावं करते आणि पडत नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार माझी आहे. तिच्या सुट्टीच्या दिवशी गाडी मी नेतो, तेव्हा वळताना हँडल माझ्या गुडघ्यांना लागतं. ऑफिसच्या गेटवर लोक विचारतात, साहेब, बायकोची गाडी आणली का? आई म्हणते, पोरगं खुडुक कोंबडीवानी बसून राहिलंय. आपण शब्द टाकल्यास ती गाडी पूर्ववत करील.

आपला कृपाभिलाषी,
शिवप्रसाद

जळकोट, ८ फेब्रुवारी

चि. पुनम हिस,
आशीर्वाद.

जावयांचं पत्र आलं. मी शब्द टाकणार नाही, असं त्यांना कळवलं आहे. या वेळी विनंती केली नाही.

तुझ्या उंचीचा विषय निघाला नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. लातूरच्या शोरूममध्ये तू आमच्याबरोबर होतीस. ताई बसून बघतात का, असं तिथल्या माणसानं विचारलं. तू उठलीही होतीस. तिला काय कळतंय, असं म्हणून मीच तुला खाली बसवलं. परवा जेवताना हे आठवलं. पोरी, मी चुकलो.

सोमवारी दुपारच्या एसटीनं येतो. स्टँडवर जावयांना पाठवू नकोस. तू ये. मी मागं बसेन.

तुझा,
बाबा