‘बघू’ म्हणजे नाही

डिंडोली, सुरत
ता. ९ ऑगस्ट १९९७

चि. योगिता हीस आईचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या बापूंचा खोकला गेला. तुझी तिन्ही पत्रं पोचली. परदेशी जायच्या आधी एकदा दिल्लीला ये, म्हणतेस. चौथी शिकलेल्या बाईचा हात लिहून दुखतो, म्हणून उत्तर राहिलं. हे खोटं आहे. खरं खाली लिहिते.

तुमच्या वकिलातीच्या ट्रेनिंगचं वाचून मी तर येडीच झाले. कुणाच्या उजव्या हाताला कोण बसणार, काट्यानं मासा कसा खायचा, समोरचा वाकडं बोलला तरी चहा कसा पीत राहायचा, हे शिकवायला सरकारनं माणसं ठेवलीत! आता इजिप्तला पाठवून अरबी शिकवणार, वर पगार देणार. आणि तू घरात अहिराणी बोललीस की मी चिमटे काढायची. आई म्हण, माय म्हणू नको, शाळेत पोरं हसतात, म्हणून.

तू लिहिलंस, वकिलातीत तोंडावर नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. समोरच्या मंदाला वाचून दाखवलं. ती म्हणे, "सुंदरा, हे तर तुला ट्रेनिंगशिवाय येतं की!" मेलीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

माघात तुमची ट्रेनिंगची बस हजिऱ्याचा कारखाना बघायला आली, तेव्हा तू दुकानाच्या फोनवर विचारलंस, मैत्रिणीला घरी जेवायला आणू? मी जन्मभर फाडकन बोलणारी बाई. त्या दिवशी म्हटलं, बघू.

आणि तुम्ही आलात तर दाराला कुलूप. मी समोर मंदाच्या घरात बसले होते. एक खोली, तिच्यात अर्ध्यात धागे कापायच्या साड्यांचा ढीग. त्या पोरीला बसवू कुठे? खिडकीच्या फटीतून बघत होते. शेजारचा म्हातारा सुपडूबाबा ओट्यावरून ओरडला, "तुनी माय त्या घरमा दपेल शे!" मी लपलेय ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

मंदाच्या दारात माझी चप्पल होती, हिरव्या दोऱ्यानं शिवलेली. तू ती पाहिलीस. मी पाहिलं, तू पाहिलीस ते.

मग हसून म्हणालीस, "नही बाबा, मायले काम व्हई." मैत्रिणीला हिंदीत सांगितलंस, मां गावाला लग्नाला गेलीय. तिच्या खांद्यावर हात टाकून, मंदाच्या दाराकडे तिची पाठ करून घेऊन गेलीस. बाबा गप्प, ती खूश, मी सुटले. एवढी अहिराणी कुठून शिकलीस, आणि दुसऱ्याची लाज अशी झाकायला? दिल्लीत हे शिकवत असतील असं मला नाही वाटत.

सबबही तूच दिलीस. आठ दिवसांनी फोनवर तीच मी तुला ऐकवली, तर म्हणतेस, "लग्न चांगलं झालं ना?"

बापू तिकिटाच्या लाइनीत उभे आहेत. बावीसला पोचते. त्या मैत्रिणीला बोलावून ठेव, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणते. काटा-चमचा काढलास तर फेकून देईन.

हे ‘बघू’ नाही. येते.

तुनी माय