बेटावरची सतरा झाडं

१४ मार्च
आज भांडण! रामाकोन्याजवळ कन्हानच्या पात्रात जे बेट आहे, तिथली मोहाची सतरा झाडं माझ्या बीटमध्ये येतात; मी इथली वनरक्षक, लोकांच्या तोंडी नाकेदार. सकाळी गुडघाभर पाण्यातून पोचले, तर गावातल्या यमुनामावशी काडी ओढायच्या बेतात. फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून इथे दरवर्षी झाडाखालचा पाला जाळतात. मी ओरडले. केस करीन म्हणाले. त्या शांत — "पाला नाई जाळला तं फूल दिसन कसं व मॅडम? माही सासूबी जाळतच होती."

मी फटकन बोलून गेले — म्हणून तर सगळी झाडं म्हातारी! एक तरी लहान दाखवा.

त्या बराच वेळ इकडे तिकडे बघत राहिल्या. "खरंच नाई दिसून राह्यलं व..."

लग्न होऊन आल्यापासून त्या इथे येतात, आणि मोहाचं रोपटं कधी पाहिलेलंच नाही! आगीत रोपं जळतात हे ट्रेनिंगमध्ये पाठ केलं होतं. पण ही सतरा पडली की बेटावरचा मोह संपला, हे आज कळलं.

१७ मार्च
काडीपेटी माझ्या खिशात. मावशींनी जुनी लुगडी आणून झाडाखाली अंथरली. तोंड चालूच — "फूल कमी भेटलं तं तुह्याच घरी जेवाले येईन."

या म्हटलं. स्वयंपाक मात्र बेकार आहे माझा.

२२ मार्च
भल्या पहाटे गेले. वारा नाही, काही नाही, आणि झाड आपणहून फुलं सोडतंय! टप्... टप्... लुगडी फिक्कट पिवळी झाली. मी गणवेशात, टोपी हातात घेऊन नुसती उभी.

"नाकेदार असून पयल्यांदा पाह्यतं काव पोरी?"

हो मावशी. चार वर्षं नुसते बुंधे मोजले.

२ मे
पलीकडच्या जंगलात आग. तीन दिवस हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो. बेट वाचलं!

११ जुलै
नदी भरून वाहतेय. सौंसरच्या ऑफिसात बसून आहे. जीव तिकडे.

९ ऑगस्ट
पाणी उतरलं. डोंग्याने गेले. रोपं! देवा रे, रोपंच रोपं! बोटभर उंच, तांबूस कोवळी पानं. मोजली — दोनशे अकरा. चिखलात बसून रडले. पाय कुठे ठेवावा कळेना.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रोपांचा अहवाल पाठवा, त्यात तुमचं नाव घाला. छाती फुगली माझी!

१२ ऑगस्ट
सौंसरच्या बाजारात मावशींची सून सुनंदा तेल घेताना दिसली. मोहाच्या बियांचं तेल घरचंच असतं ना तुमचं, विचारलं.

"यंदा माह्या सासूनं एक बी वेचू नाई देल्ली. बेटावर कोनाले येऊबी नाई देल्लं. म्हने, सारी बी आपनच घरी आनतो, तं झाड कुठून होईन?"

अहवालातलं माझं नाव खोडलं. मावशींचं पूर्ण नाव मला माहीतच नाही.