गिरिजक्कांनी पाजलेलं पाणी

प्रिय आई,

प्रभूच्या नावाने सलाम.

येत्या रविवारी मला मंडळीपुढे साक्ष द्यायची आहे, म्हणून आज तुला लिहायला बसले. पाळकसाहेब म्हणाले, "जॉर्डनच्या छावणीत निर्वासितांची जी सेवा केलीत, ती सगळ्यांना ऐकू द्या. आई इकडे देवाघरी गेली, पण तुम्ही प्रभूच्या कामात होता." मी मान डोलावली. घरी आल्यावर इतकी लाज वाटली ना, आई!

तुझे सुजलेले पाय मी निघण्याआधी पाहिले होते. मी बॅग भरत होते आणि तू पलंगावर बसून ते साडीखाली ओढून घेत होतीस. मी विचारलं, "राहू का?" तू म्हणालीस, "देवाच्या कामाला नाही म्हणू नये, सुवे." मी लगेच बॅगेची चेन ओढली. एकदा तरी "थांब" म्हणायचंस ना गं! खरं सांगू? मी तुझ्या होकाराचीच वाट बघत होते. महादेवपुऱ्याचं ऑफिस, यशवंतपूरचं घर, तुझी औषधं, सगळ्यातून मला सुटायचं होतं.

तिथे सीरियातून आलेल्या एका म्हातारीचे केस मी रोज विंचरायचे. ती माझा हात कपाळाला लावायची. तू मात्र, "हळू गं, किती ओढतेस!" परक्या आईची सेवा सोपी असते. ती चुका काढत नाही.

एकदा तिने आपल्या देवाचं नाव घेऊन रोटी मोडली आणि अर्धी मला दिली. प्रेमाने दिलेलं नाकारू नका, असं आम्हाला बजावलेलं होतं. मी खाल्ली, आणि शेजारच्या गिरिजक्का आठवल्या.

दर सणाला त्या ताट आणायच्या आणि तू दारातूनच सांगायचीस, "आम्हाला प्रसाद चालत नाही, अक्का." मग त्या नैवेद्य दाखवायच्या आधीच आपला वाटा काढून ठेवायला लागल्या. एवढ्या सोवळ्याओवळ्याच्या बाई, पण देवाच्या आधी आपल्याला वाढायच्या! आपण ते मजेत खाल्लं. त्यांना काय वाटत असेल, हे कधी विचारलं का गं आपण?

तू गेलीस त्या सकाळी तुझ्यापाशी त्याच होत्या. मी कशीबशी दफनाला पोचले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या त्यांच्या मराठीत हळूच म्हणाल्या, "सुवी, आईंनी पाणी मागितलं गं. मी पूजेत होते, हाक ऐकून तशीच पळाले. हातात तीर्थाचं भांडं होतं, तुळस घातलेलं. तेच स्वल्प पाजलं. मागनं ध्यानात आलं, तुमच्यात चालत नाही. चुकलं काय गं माझं?"

पाळकीणबाई समोरच बसल्या होत्या. मी काहीच बोलले नाही, आई! अक्का "सरी, बरं" म्हणाल्या आणि उठल्या. त्यानंतर त्या आपल्याकडे आलेल्या नाहीत. मी गॅलरीत दिसले की आत जातात. आपल्या हातून तुझा शेवट बाटला, असं त्या धरून बसल्या आहेत.

मी का गप्प बसले? चर्चमध्ये कुजबुज होईल, या भीतीने. परदेशात जाऊन कुणाच्याही ताटातलं खाणारी मी, आपल्याच घरात माझी वाचा बसली. तुला ते पाणी चाललं ना गं? तू दोन घोट घेतलेस आणि त्यांचा हात सोडला नाहीस, असं अक्का त्या दिवशीच म्हणाल्या होत्या. मला तेवढं पुरे आहे.

उद्या सकाळीच मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी दार उघडलं नाही तर उघडेपर्यंत उभी राहीन आणि सांगेन, "अक्का, तुम्ही नाही चुकलात, मी चुकले." रविवारी त्या आल्या तर त्यांना पुढच्या बाकावर बसवेन. छावणीचं एक अक्षरही काढणार नाही. सगळ्यांसमोर सांगेन, माझ्या आईला तहान लागली तेव्हा मी नव्हते, गिरिजक्का होत्या. पाळकीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तुझी,
सुवार्ता